टेनिस कधी खेळले नाही, तरी कोपर धरलं!

चवथ (गणेशचतुर्थी) होऊन दोन-तीन आठवडे उलटले की फोंड्याच्या माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आजार दारातूनच ओळखू येतो. बाई डाव्या हाताने दार ढकलते, उजवं कोपर पोटाशी धरलेलं असतं आणि खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून मोकळी होते, "मॅडम, चहाचं भांडं उतरवता येत नाही." या महिन्यात सदराकडे आलेली निम्मी पत्रं कोपराचीच आहेत. म्हणून गुडघे, टाचा आणि मानेवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढावी. पहिल्या पत्राला जास्त जागा देते आहे, कारण सोळा वर्षांपूर्वी हेच पत्र मी लिहिलं असतं.

प्रश्न : मी ४६ वर्षांची, माशेलला राहते. घरून नेवऱ्या (करंज्या), लाडू, चकल्या करून देते. मे महिन्यात लग्नाच्या ऑर्डरी होत्या, तेव्हा उजव्या कोपराला बाहेरच्या बाजूने कळ यायला लागली. डॉक्टरांनी टेनिस एल्बो सांगून जूनमध्ये इंजेक्शन दिलं. चार दिवसांत दुखणं गायब! चवथीला रोज पंधरा-वीस नारळ आदोळीवर (जमिनीवर बसून वापरायच्या खवणीवर) खवले. आता परत दुखतंय, पहिल्यापेक्षा जास्त. कपडे पिळवत नाहीत, दाराची कडी फिरवताना डोळ्यांत पाणी येतं. पुढे दिवाळीच्या ऑर्डरी आहेत. दुसरं इंजेक्शन घेऊ का? फिजिओथेरपी म्हणजे रोज येऊन यंत्र लावून घेणं, तेवढा वेळ मला नाही. आणि मी तर टेनिसची रॅकेट कधी हातातसुद्धा धरलेली नाही!

उत्तर : ताई, रॅकेट मीही धरलेली नाही. हे दुखणं होणाऱ्या बहुतेकांनी धरलेली नसते. १८७३ साली रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरांनी याविषयी पहिल्यांदा लिहिलं, तेही लिहून लिहून ज्यांचा हात धरला त्यांच्याबद्दल. पुढच्या दहा वर्षांत इंग्लंडात लॉन टेनिसचं वेड पसरलं, खेळणाऱ्यांची कोपरं दुखू लागली आणि तेच नाव चिकटलं. नाव ठेवायचा मान गोव्याला मिळाला असता तर 'आदोळीचं कोपर' म्हटलं असतं.

आता हे करून बघा. उजवा हात टेबलावर ठेवा. डाव्या हाताची बोटं उजव्या कोपराच्या खाली, हाताच्या वरच्या मांसल भागावर ठेवा आणि उजवी मूठ घट्ट आवळा. बोटांखाली काहीतरी टणक होतं ना? मूठ आवळणारे स्नायू खालच्या, तळव्याकडच्या बाजूला असतात, मग वरचे का ताठरले? कारण मूठ आवळताना मनगट आत वाकू नये म्हणून वरचे स्नायू त्याला मागे धरून ठेवतात. म्हणजे तुम्ही काहीही पकडलंत, किटली, पिळायचा कपडा, नारळाची वाटी, की हे स्नायू आपोआप कामाला लागतात. कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचं एक टोक हाताला लागतं. हे स्नायू ज्या कंडरेने हाडाला बांधलेले आहेत ती कंडरा, म्हणजे टेंडन, तिथे चिकटलेली असते. जागा जेमतेम बोटाच्या पेराएवढी, आणि दिवसभराच्या प्रत्येक पकडीचा ताण तिच्यावर.

लोक समजतात आत सूज आहे. तुमच्यासारख्या महिनोन् महिने चाललेल्या दुखण्यात बहुधा ती नसते. १९७९ साली निर्शल आणि पेट्रोन या अमेरिकन सर्जननी ऑपरेशनच्या वेळी काढलेला कंडरेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर सुजेच्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. तंतूंची ओळ बिघडलेली होती आणि मध्येच नको तिथे बारीक रक्तवाहिन्या वाढलेल्या होत्या. विहिरीच्या रहाटावरची सुंभाची दोरी एकाच जागी घासून पिंजते, तसं समजा. फरक इतकाच की सुंभ मेलेलं असतं. कंडरा जिवंत असते, ती स्वतःला पुन्हा वळू शकते. पण पडून राहिली तर वळत नाही. तिच्यावर थोडा थोडा, मोजून, वाढत जाणारा भार पडावा लागतो. सगळा इलाज या एका गोष्टीवर उभा आहे.

आता इंजेक्शन. सोळा वर्षांपूर्वी रोज दहा-दहा रुग्णांच्या पाठी अंगठ्याने दाबून माझं उजवं कोपर गेलं. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट, तरी घाई झाली आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं. पाचव्या दिवशी काही दुखलंच नाही! त्या आनंदात मी सुट्टीवर गेलेल्या सहकारिणीचेही रुग्ण घेतले. तिसऱ्या महिन्यात चपातीची कणीक मळता येईना. नंतर कळलं, हे माझ्या एकटीचं नशीब नव्हतं. ऑस्ट्रेलियात १९८ रुग्णांचे तीन गट केले होते : इंजेक्शन, फिजिओथेरपी आणि नुसतं थांबून पाहणं. २००६ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सगळ्यांच्या पुढे. पण इंजेक्शनने बरे झालेल्या ६५ जणांपैकी ४७ जणांचं दुखणं पुढे परतलं. २०१३ साली १६५ रुग्णांचा आणखी एक अभ्यास आला. त्यात स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांचं दुखणं वर्षभरात उलटलं. खोटं, नुसत्या मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं.

म्हणून माझं मत विचाराल तर दुसरं नको. आधीच्या डॉक्टरांची चूक आहे असं मी म्हणत नाही. दुखणं असह्य असताना माणूस पाय धरतो, तेव्हा त्यांनी तरी काय करायचं? पण कळ थांबली म्हणजे कंडरा सुधारली असं नाही. ती तशीच पिंजलेली, आणि तुम्ही मात्र वीस नारळ घेऊन बसलात. आणि मधुमेह असेल तर या इंजेक्शनाने साखर काही दिवस वर जाते, हेही कुणी सांगत नाही.

प्रामाणिकपणे आणखी एक सांगायला हवं, माझ्या धंद्याला ते परवडणारं नसलं तरी. त्याच २००६ च्या अभ्यासात वर्षाच्या शेवटी फिजिओथेरपीवाले आणि काहीच न केलेले जवळपास सारखेच बरे होते. मग फिजिओकडे कशाला जायचं? कारण वर्ष म्हणजे बारा महिने, ताई. त्यात एक दिवाळी, एक शिगमो, लग्नसराई आणि रोजचं हुमण (माशांची कढी). सुरुवातीच्या आठवड्यांत व्यायाम करणारे नुसतं थांबणाऱ्यांपेक्षा लवकर कामाला लागले. ते आठवडे तुमच्या पोटापाण्याचे आहेत.

यंत्रासाठी रोज यायची गरज नाही. अल्ट्रासाउंड, शेक, विजेच्या झिणझिण्या, यांनी तासभर बरं वाटतं, मी नाकारत नाही. पण भार कसा पेलायचा हे यंत्र कंडरेला शिकवत नाही. सहा आठवड्यांत सात-आठ वेळा या, बाकी काम तुमच्या ओट्यावर.

पहिला व्यायाम आजपासून. ओट्यावर किंवा टेबलावर हात कोपरात वाकवून ठेवा, तळवा खाली. डाव्या हाताचा तळवा उजव्या हाताच्या पाठीवर ठेवून दाबा, उजवा हात वर उठवायचा प्रयत्न करा, पण तो हलू द्यायचा नाही. ३० ते ४५ सेकंद. मिनिटभर थांबून पुन्हा, असं चार-पाच वेळा. सकाळ-संध्याकाळ. दूध तापत असताना होतो हा व्यायाम, वेळ नाही ही सबब इथे चालायची नाही.

आठ-दहा दिवसांनी अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली भरून घ्या. तेवढंच वजन, अर्धा किलो. हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळवा खाली, बाटली मुठीत. डाव्या हाताची मदत घेऊन उजवं मनगट वर करा. मग डावा हात सोडा आणि उजव्याने एकट्याने, पाच अंक मोजत मोजत, बाटली खाली न्या. हे सावकाश खाली नेणंच औषध आहे, वर नेणं नाही. दहा-पंधरा वेळा, तीन फेऱ्या. पहिल्या आठवड्यात बाटली अर्धी भरलेली चालेल, महिन्या-दीड महिन्यात एक लिटरपर्यंत जायचं. त्यानंतर लाटणं एका टोकाला धरून तळवा सावकाश वर-खाली फिरवायचा. खांद्याचे व्यायाम मी समोर बसवूनच शिकवते. खांदा ढिला असला की त्याचं ओझंही बिचारं कोपर वाहतं.

किती दुखलं तर चालेल? दहापैकी तीन-चार. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वीच्या पातळीला आलेलं हवं. सकाळी जास्त दुखलं तर काल बाटली जड झाली, एवढाच त्याचा अर्थ. व्यायाम सोडायचा नाही, पाणी कमी करायचं. आणि अजिबात दुखू न देता करणाऱ्यांना मी रागावते, कारण मग ती नुसती कवायत होते.

दवाखान्यात मी एक हाताची पद्धतही वापरते. ब्रायन मलिगन नावाच्या न्यूझीलंडच्या फिजिओंनी ती रूढ केली. कोपराखालचं हाड मी हलकेच बाहेरच्या बाजूला सरकवून धरते आणि रुग्णाने त्याच वेळी मूठ आवळायची. बरोबर जागा सापडली तर कळ न येता पकड बसते, आणि बायका माझ्याकडे संशयाने बघतात, जणू मी मंत्र घातला. मंत्र नाही. पकड मोजायला माझ्याकडे डायनामोमीटर आहे. माझ्या वाईट दिवसांत उजवा हात ९ किलोला कळवळायचा, डावा २५ पर्यंत शांत. तुमच्याही दोन्ही हातांचा आकडा पहिल्या दिवशी लिहून ठेवू. पुढे कधी हिंमत खचली की तो कागद काढायचा.

आता दिवाळी. ऑर्डरी सगळ्या घेऊ नका, आणि ज्या घ्याल त्यांतले नारळ एका बैठकीत खवू नका. सकाळी पाच, दुपारी पाच. आदोळीवर खाली बसून पुढे झुकलं की कोपर लांब जातं आणि सगळा जोर मनगटातून येतो. उंच पाटावर बसा, कोपर अंगाजवळ ठेवा, वाटी दोन्ही हातांनी धरा. दांडा फिरवून चालवायची खवणी बाजारात मिळते, तिचा दांडा डाव्या हाताने फिरवा. विजेवरची घेतलीत तर आणखी उत्तम. नाक मुरडू नका, नेवरीतल्या चुनाला, म्हणजे खोबऱ्याच्या सारणाला, खवणी कळत नाही. चकलीचा सोऱ्या दाबायला मात्र यजमानांना बसवा, त्यात माझी सवलत नाही. जड वस्तू उचलताना तळवा वर आणि कोपर वाकलेलं असू द्या. तळवा खाली ठेवून, हात लांब करून पिशवी उचलणं म्हणजे त्या पिंजलेल्या दोरीला हिसका देणं.

सहा ते बारा आठवडे धरून चाला. तिसऱ्या आठवड्यात "काहीच फरक नाही" असं वाटेल. सगळ्यांना वाटतं. मला वाटलं होतं.

प्रश्न : मी पणजीत मोटारसायकल पायलट आहे, म्हणजे भाड्याने गिऱ्हाइकं मागे बसवून नेतो, वय ५१. बावीस वर्षं हाच धंदा. उजवं कोपर चार महिने दुखतंय. मेडिकलमधून पट्टा आणून कोपरावर बांधला, रात्रीही ठेवतो, पण उलट बोटांना मुंग्या येतात. मित्र म्हणतात ऑपरेशनच करावं लागणार, सचिनलाही करावं लागलं होतं.

उत्तर : दादा, पट्टा चुकीच्या जागी आहे आणि चुकीच्या वेळीही. तो कोपरावर बांधायचा नाही. हाडाच्या दुखऱ्या टोकापासून दोन बोटं खाली, स्नायूच्या फुगीर भागावर बांधायचा. स्नायूचा ओढा हाडापर्यंत पोहोचण्याआधी थोडा अडवायचा, एवढंच त्याचं काम. गाडी चालवताना घाला, घरी आलात की काढा. झोपताना तर नकोच. एक बोट सहज आत जाईल इतका सैल ठेवा. पट्टा नीट बांधूनही मुंग्या राहिल्या तर वाट न बघता दाखवायला या. कोपराजवळच्या नसेवर दाब असला किंवा मानेतून येणारी नस दबली असली तरी दुखणं याच जागी जाणवतं, आणि तेव्हा इलाज वेगळा असतो. मान मागे किंवा बाजूला वळवल्यावर कळ हातात उतरते का, तेवढं आजच बघून ठेवा.

तुमच्या बाबतीत गुन्हेगार ॲक्सिलरेटर आहे. तो पिळून धरताना मनगट मागे वाकलेलं असतं, वर पकडही घट्ट, म्हणजे मघाशी ताईंना सांगितलेले तेच स्नायू तासन् तास ताणलेले. मेकॅनिककडून ब्रेकची दांडी थोडी खाली वळवून घ्या, म्हणजे बोटं तिच्यावर ठेवताना मनगट सरळ राहील. मूठ गुळगुळीत झाली असेल तर बदला. घसरणारी मूठ माणूस नकळत जास्त आवळतो. सिग्नलला हात सोडून बोटं झटका. आणि स्टँडवर गिऱ्हाइकाची वाट बघताना पहिला व्यायाम पेट्रोलच्या टाकीवर हात ठेवूनही होतो. वर दिलेलं सगळं वेळापत्रक तुम्हालाही लागू.

सचिन तेंडुलकरचं म्हणाल तर २००४ मध्ये त्याचं कोपर दुखू लागलं आणि २००५ मध्ये लंडनला ऑपरेशन झालं, हे खरं. पण तो जड बॅट घेऊन जगातल्या सगळ्यात वेगवान गोलंदाजांना तोंड देत होता, आणि खेळ सोडून वर्षभर बसणं त्याला शक्य नव्हतं. या दुखण्याच्या रुग्णांपैकी फार थोड्यांवर ऑपरेशनची वेळ येते. सहा महिने ते वर्षभर मनापासून व्यायाम करूनही फरक पडला नाही तरच हाडांचे डॉक्टर त्याचा विचार करतात. तुमचे चार महिने झाले आहेत, आणि त्यात व्यायाम शून्य.

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा म्हापशाला रोज बॅडमिंटन शिकायला जातो. त्याच्याही कोपराला बाहेरून दुखतंय. हेच व्यायाम करून घेऊ का?

उत्तर : नको. टेनिस एल्बो साधारण पस्तीस ते पंचावन्नच्या वयाचं दुखणं आहे. वाढत्या मुलाच्या कोपरात हाडाच्या वाढीच्या जागा असतात, आणि तिथलं दुखणं वेगळं निघू शकतं. खेळ थांबवा, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील तर एक्स-रे काढा. कोपर मध्येच अडकतं किंवा पूर्ण सरळ होत नाही असं असेल तर याच आठवड्यात.

प्रश्न : कुळागरातले एक वैद्य खोबरेल तेलाने कोपर जोरात चोळून देतात. चोळताना ब्रह्मांड आठवतं, पण नंतर हलकं वाटतं. चालू ठेवू का?

उत्तर : कोपराखालच्या मांसल भागावर हलक्या हाताने तेल लावून घ्या, त्यात वाईट काही नाही. दुखऱ्या हाडाच्या टोकावर अंगठा रोवून ब्रह्मांड आठवेपर्यंत नको. कंडरेवर आडवा हात चालवायची एक पद्धत आमच्याकडेही आहे, पण ती मोजून करतात आणि आजकाल कमीच वापरतात. आणि तेल चोळलं म्हणजे बाटलीचा व्यायाम झाला, असा हिशोब करू नका.

प्रश्न : मी गावच्या देवळातल्या सुवारीत (वाद्यवादनाच्या कार्यक्रमात) घुमट, म्हणजे मडक्यासारखं चामडं ताणलेलं वाद्य, वाजवतो. वय ४२. दोन महिने उजव्या कोपराला कळ आहे. घुमट बंद करू का? ते बंद केलं तर माझं कसलंच मन लागणार नाही.

उत्तर : बंद करू नका. चामड्यावर बोटं मारताना मनगट सैल असतं, पकड नसते. कोपराला त्रास झालाच तर घुमट गळ्यात अडकवून तासन् तास उभं राहिल्याने होतो, म्हणून घुमटाचा पट्टा रुंद घ्या आणि पहिले काही आठवडे एका सुवारीनंतर एक सोडून द्या. साथीचं शामेळ वाद्य वाजवणाऱ्याला थोडं जास्त वाजवू दे. वाजवण्याआधी पहिल्या व्यायामाच्या दोन फेऱ्या करा, कळ थोडी दबते असा माझ्या बऱ्याच रुग्णांचा अनुभव आहे. मला खरी शंका वेगळीच येते. सुवारी संपल्यावर देवळातली पितळेची समई आणि सतरंज्यांची गुंडाळी उचलून आत कोण नेतं? तुम्हीच नेत असाल, आणि तळवा खाली ठेवून, तर ते काम उद्यापासून दुसऱ्या कुणाकडे द्या.